बोर्ड की क्लस्टर?

भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चवथीला आला, तेव्हा गणपतीवर टांगलेल्या माटोळीची सुपारी न्याहाळत म्हणाला, "मामा, एम्बेडेडला जाऊ की हाय-परफॉर्मन्सला?" एम्बेडेड म्हणजे यंत्रांत बसणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डांसाठी प्रोग्रॅम लिहिणं, आणि हाय-परफॉर्मन्स म्हणजे एकमेकांना जोडलेल्या अनेक संगणकांवर, क्लस्टरवर, अवजड गणितं चालवणं. मी चार वर्षं वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत बोर्डांवर काम केलं, मग अडीच वर्षं घरी बसून एका क्लस्टरवर, आणि आता पुन्हा वेर्ण्यात आहे. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपणार नाही.

वरवर ही दोन टोकं वाटतात. आमच्या बोर्डावरच्या एसटीएम३२एफ१०३ चिपमध्ये २० केबी रॅम, तर तिकडे शेकडो कोर, म्हणजे हिशेब करणारी प्रोसेसरची एककं. पण भाषा तीच, सी आणि सी++, आणि डेटा मेमरीत नेमका कुठे बसलाय ही काळजीही तीच. क्लस्टरवर मी आठ थ्रेडना, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या आठ धाग्यांना, आठ वेगळे काउंटर दिले होते, आठ-आठ बाइटचे, शेजारी शेजारी. कॅश म्हणजे कोरजवळची छोटी, वेगवान मेमरी; ती ६४ बाइटच्या तुकड्यांत, लाइनींत, डेटा उचलते. अशा एकाच लाइनीत आठही बसले आणि ती लाइन कोरांमध्ये चेंडूसारखी फिरत राहिली. एका थ्रेडपेक्षाही काम हळू! काउंटर लांब लांब ठेवले आणि प्रश्न मिटला. बोर्डावरच्या चिपमधल्या कॉर्टेक्स-एम३ या कोरमध्ये कॅशच नाही. हा धडा क्लस्टरनेच दिला.

पगार, माझ्यापुरतं बोलायचं तर, क्लस्टरवर बरा होता. गोव्यात राहून करायचं तर ते काम बहुधा बाहेरच्या कंपनीचं, घरून. उलट बोर्डवाल्याला ऑफिस गाठावं लागतं, आणि कधी कधी साइटही.

साइटचा जाच खरा आहे. वाळपईकडच्या एका कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, आमचा पंप कंट्रोलर मधूनच रीसेट व्हायचा. वेर्ण्यात टेबलावर आणला की शहाण्यासारखा चालायचा. शेवटी भर पावसात व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप रेनकोटात गुंडाळून मीच गेलो. चिपला वीज देणाऱ्या ३.३ व्होल्टच्या तारेवर व्होल्टेज पडताच टिपणारा ट्रिगर लावला, भाटकारांनी, म्हणजे बागेच्या मालकांनी, पंप सुरू केला, आणि पडद्यावर रेघ क्षणभर १.७ पर्यंत कोसळलेली दिसली. तिथे लाइनीचं व्होल्टेज आधीच पडलेलं, त्यात मोटर सुरू होतानाचा झटका, आणि सप्लायचा कपॅसिटर सुकलेला. टेबलावर यातलं पहिलं दुसरं नव्हतंच. कपॅसिटर बदलला. दिवस गेला, पायाला जळवा लागल्या, पण कारण डोळ्यांनी पाहिलं.

क्लस्टरवर मला हेच मिळेना. एक लूप नव्याने लिहिला. ४७ मिनिटांचं काम ४१ वर आलं. मी खूश. दुसऱ्या दिवशी तोच प्रोग्रॅम ४६ मिनिटं, आणि गंमत म्हणजे जुना ४२! नेटवर्क आणि डिस्क सगळ्यांत वाटलेली. शेजारच्या नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या दुसऱ्या संगणकावर, कोणी काय चालवतंय, कळायला मार्ग नाही. थ्रेड कोरांना बांधले, दहा-दहा वेळा चालवून मधला आकडा घेतला. यावरची औषधं ठाऊक आहेत, आणि जाणकार ती वापरून नीट काम करतातही. पण प्रत्येक मापासाठी स्लर्मच्या, म्हणजे क्लस्टरवर कामं वाटणाऱ्या प्रोग्रॅमच्या, रांगेत अर्धा दिवस, आणि तीन आठवड्यांनंतरही 'माझ्यामुळे वेग वाढला' असं छातीठोक म्हणता येईना. कदाचित धीर माझाच कमी पडला असेल. पण मी बोर्डाकडे परतलो तो यामुळेच. पगाराचं गणित तेव्हा मांडलंच नव्हतं.

आकड्यांच्या ढिगातून कल शोधायची ज्याला मजा वाटते, त्याला क्लस्टर मानवेल. ठरवण्याआधी दोन्हीची चव घ्यावी: काहीशे रुपयांचा बोर्ड घेऊन एक यूएआरटी, म्हणजे एक-एक बिट पाठवणारी साधी जोडणी, स्वतः चालवून बघावी, आणि लॅपटॉपवर पर्फ हे लिनक्सचं मोजमापाचं साधन लावून कॅश मिस, म्हणजे कॅशमध्ये डेटा न सापडण्याच्या वेळा, मोजाव्यात. दोन रविवार पुरतील.

भाच्याने अजून ठरवलेलं नाही. जाताना मात्र माझा जुना ऑसिलोस्कोप मागितला. प्रोबची क्लिप तुटलीय, ती तेवढी आणून देतो म्हटलंय.