एकच भारी घड्याळ घ्यायचं तर: एक्सप्लोरर की अ‍ॅक्वा टेरा

आपल्याकडे जळगावात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, त्यामुळे लेदरचा पट्टा विसरा भाऊ, दोन महिन्यांत घामाने वास मारतो, स्टीलचंच घ्यायचं. लग्नात, केळीच्या बागेत आणि बँकेत लोनच्या मीटिंगला एकच घड्याळ चालावं असं असेल तर माझ्या मते दोनच नावं उरतात.

रोलेक्स एक्सप्लोरर 36 मिमीचं, काळी डायल, त्यावर 3, 6, 9 आकडे, तारीख नाही. शर्टच्या बाहीखाली गपचूप बसतं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पट्ट्यातलं इझीलिंक, म्हणजे पट्टा थोडा लांब करणारी कडी, दुपारी उन्हाने मनगट फुगलं की 5 मिमी सैल करायचं, सकाळी परत टाईट, हे आपल्या हवेत रोज कामाला येतं. चावी 70 तास टिकते, म्हणजे शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तरी सोमवारी सकाळी चालूच.

ओमेगा अ‍ॅक्वा टेरा 150 मीटर पाण्यात टिकतं, एक्सप्लोरर 100, पण विहिरीत उडी मारायला दोन्ही पुरे. ओमेगाला तारीख आहे, डायलचे रंग भरपूर, मागून काचेतून मशीन दिसतं, आणि 15,000 गॉसपर्यंतचं (गॉस म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं माप) चुंबक सहन करतं, स्पीकर न् फोनच्या चुंबकी कव्हरांच्या जमान्यात ही मोठी गोष्ट. शिवाय रोलेक्ससाठी डीलरकडे नंबर लावून वाट बघत बसावं लागतं, हे बऱ्याचदा लगेच मिळतं.

रोज तारीख टाकून सह्या करायच्या असतील तर ओमेगाच घ्या. मी मात्र इझीलिंकसाठी एक्सप्लोररची वाट बघेन.