‘पायथन चालतं’ सांगून तीन वर्षांचे पैसे घेणारं होस्टिंग

जँगोमध्ये, म्हणजे पायथन भाषेतल्या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये, बनवलेली साइट स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेक गिऱ्हाइकांत वाटून दिलेला) टाकायला निघालेल्यांची फसवणूक ठरलेल्या वाटेने होते. प्लॅनच्या यादीत पीएचपी भाषा, मायएसक्यूएल डेटाबेस यांच्या शेजारी पायथनसमोरही हिरवी खूण असते. मोठ्या अक्षरांतला महिन्याचा दर तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच लागू होतो, वर १८ टक्के जीएसटी. चॅटवर ‘जँगो चालेल का?’ विचारलं की लगेच ‘हो सर, सगळं चालतं’ असं उत्तर येतं. पैसे गेल्यावर कळतं, की सर्व्हरवर पायथन आहे, पण जँगो चालवायची सोय नाही.

ती हिरवी खूण शब्दशः खोटी नसते, आणि तक्रार तिथेच अडते. लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरवर पायथन आधीपासून असतंच. सीजीआय ही सर्व्हरवर प्रोग्राम चालवायची जुनी पद्धत; तिच्या सीजीआय-बिन फोल्डरमध्ये पायथनची फाइल टाकली तर ती चालतेही. पण सीजीआयमध्ये प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस (चालू प्रोग्राम) उठते, अख्खा जँगो पुन्हा लोड होतो आणि उत्तर दिलं की प्रोसेस संपते. जँगोला डब्ल्यूएसजीआयवर (वेब सर्व्हर आणि पायथन यांना जोडणारी पद्धत) चालणारी, विनंत्यांच्या मध्ये जिवंत राहणारी प्रोसेस लागते. सीपॅनेलवर, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलवर, ती सहसा ‘सेटअप पायथन अ‍ॅप’ किंवा ‘अ‍ॅप्लिकेशन मॅनेजर’मधून मिळते, त्यामागे बहुधा पॅसेंजर हे अ‍ॅप चालवणारं सॉफ्टवेअर असतं. हे दोन्ही पॅनेलमध्ये नसतील तर त्या प्लॅनवर जँगोसाठी पैसे भरूच नका.

ही सोय असली तरी पायथनची आवृत्ती बघा. जँगो ५.२ ला पायथन ३.१० किंवा त्यापुढचं लागतं. सेंटओएस ७ या लिनक्सवरचे जुने सर्व्हर पायथन ३.६ आणि एसक्यूलाइट (फाइलमधला छोटा डेटाबेस) ३.७.१७ घेऊन बसलेले असतात, आणि त्या सेंटओएसचे सुरक्षा अपडेट ३० जून २०२४ ला थांबले. नवं पायथन वेगळं बसवलं तरी एसक्यूलाइट जुनंच राहू शकतं. मग मायग्रेशनच्या, म्हणजे डेटाबेसमधले तक्ते तयार करायच्या, पहिल्याच पायरीला जँगो अडतो आणि सपोर्टवाले ‘तुमच्या कोडमध्ये दोष आहे’ म्हणतात. दोष कोडमध्ये नसतो. तसंच मायएसक्यूएलक्लायंटचं, म्हणजे पायथनला मायएसक्यूएलशी जोडणाऱ्या पॅकेजचं. ते बसवताना सी कंपायलर (सी भाषेतला कोड चालण्याजोगा करणारं साधन) आणि हेडर फाइली लागतात, आणि शेअर्ड सर्व्हरवर कंपायलर बहुधा बंद असतो. कंपायलर न लागणारं पायमायएसक्यूएल वापरून वेळ मारून नेता येते, पण विकताना हे कोणी सांगत नाही.

साइट एकदाची उघडली तरी अडचण संपत नाही. शेअर्ड सर्व्हरवर पॅसेंजर बहुधा काही मिनिटं रिकामी राहिलेली प्रोसेस बंद करतं, म्हणून शांततेनंतरची पहिली भेट रेंगाळते. मागे कामं उरकणारा, सेलरीसारखा सतत चालणारा वर्कर सर्व्हरकडून बंद पाडला जातो. एकाच वेळच्या प्रोसेसची मर्यादा ओलांडली की पाहुण्याला ५०८ क्रमांकाची चूक दिसते. ही मर्यादा जाहिरातीत ‘अनलिमिटेड’खाली झाकलेली असते, खरा आकडा पॅनेलमधल्या ‘रिसोर्स युसेज’मध्ये सापडतो. तक्रार केली की उत्तर एकच: ‘व्हीपीएस घ्या’, म्हणजे स्वतःपुरता वेगळा आभासी सर्व्हर घ्या. स्वस्त प्लॅन हे गिऱ्हाईक आत आणायचं आमिष होतं, हे तेव्हा उघड होतं. खरं तर १ जीबी रॅमच्या व्हीपीएसवर गनिकॉर्न (जँगो चालवणारा) आणि एनजिनएक्स (वेब सर्व्हर) लावून छोटी साइट नीट चालते. सर्व्हर सांभाळायची तयारी असेल तर तोच सुरुवातीला घ्यावा.

म्हणून पहिल्यांदा फक्त एका महिन्याचे पैसे भरा. महिन्याचा प्लॅन देत नसतील तर तिथून निघा. ‘जँगो चालेल का?’ असं विचारू नका. ईमेलवर विचारा: पायथनच्या कोणत्या आवृत्त्या निवडता येतात, एसएसएच (सर्व्हरवर कमांड चालवायची सोय) मिळतं का, कंपायलर उघडा आहे का, एन्ट्री प्रोसेस (एकाच वेळच्या प्रोसेसची मर्यादा) आणि रॅम किती. आकडे आले नाहीत तर उत्तर नकारार्थी समजा. खातं मिळालं की त्याच दिवशी एसएसएचमधून पायथन आणि एसक्यूलाइटची आवृत्ती बघा, रिकामा जँगो प्रकल्प चढवा, मायग्रेशन चालवा, अ‍ॅडमिनमध्ये लॉगिन करा.

पैसे परत मागायची मुदत बऱ्याच ठिकाणी ३० दिवसांची असते, आणि ती सपोर्टच्या तिकिटांच्या (तक्रार नोंदींच्या) ये-जा करण्यातच संपवली जाते. ‘आणखी ४८ तास द्या’ याला भुलू नका. मुदतीत बिलिंग विभागालाच लेखी रद्द करायला सांगा आणि यूपीआय ऑटोपे अ‍ॅपमधून स्वतः बंद करा. चॅटचे स्क्रीनशॉट त्याच वेळी घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार देताना तेच उपयोगी पडतात. एक दाखवून दुसरं गळ्यात मारणं केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणारी मांडणी) मार्गदर्शक सूचनांत अनुचित पद्धत म्हणून नोंदलेलं आहे. तक्रारीत त्याचा उल्लेख करा.

‘फुकट’ डोमेनची (साइटच्या पत्त्याची) किंमत बऱ्याचदा परताव्यातून कापली जाते, आणि कधीकधी ते कंपनीच्याच नावावर नोंदलेलं असतं. नवं डॉट कॉम डोमेन बहुधा ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) हलवताही येत नाही. त्यामुळे डोमेन वेगळ्या रजिस्ट्रारकडे, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. होस्टिंग बदलायची वेळ आली तर डोमेनचे फक्त नेमसर्व्हर (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं हे सांगणारे पत्ते) बदलावे लागतात.