चार ट्रॅकची कॅसेट, दोन ट्रॅकचा डेक आणि चौपट बिल

कधीकाळी घरी चार ट्रॅकच्या मशीनवर भरलेली गाण्यांची जुनी कॅसेट पैसे देऊन सीडीवर उतरवून घेतलेली असते. सीडी प्लेयरमध्ये जाते आणि स्वतःचंच गाणं ओळखू येत नाही. गिटार एक सप्तक खाली, झोपेत वाजवल्यासारखी. ड्रम मशीनचा ठोका निम्म्या लयीत. गाणारा आवाज गायब, आणि पुढच्या ट्रॅकवर कुणीतरी उलटं बरळतंय. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं: "कॅसेट जुनी आहे हो, खराब झालीय. जेवढं निघालं तेवढं काढून दिलं." कॅसेट बहुतेक वेळा ठणठणीत असते. ती वाजवली गेली साध्या डेकवर, आणि हे काम घेणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

साध्या स्टिरिओ कॅसेटच्या फितीवर चार अरुंद पट्टे असतात. दोन 'ए' बाजूचे, दोन 'बी' बाजूचे. १९७९ साली टीॲक कंपनीचं पोर्टास्टुडिओ १४४ आलं, तेव्हापासून घरगुती मल्टिट्रॅक मशीन (गाणं आणि एकेक वाद्य वेगळ्या पट्ट्यावर, म्हणजे ट्रॅकवर, भरणारी) हे चारही पट्टे एकाच दिशेनं, एकाच वेळी वापरू लागली. म्हणून अशी कॅसेट घरच्या डेकमध्ये टाकली की एका बाजूला ट्रॅक १ आणि २ सरळ ऐकू येतात, आणि कॅसेट उलटली की ३ आणि ४ उलटे. शिवाय यातली बरीच मशीन सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरऐवजी त्याच्या दुप्पट वेगानं फीत ओढायची, म्हणजे सुमारे ९.५ सेंटिमीटर. साध्या डेकवर ते सगळं निम्म्या वेगानं वाजतं, सूर बरोबर एक सप्तक उतरतो.

बिलातली गंमत इथेच आहे. दर मिनिटावर असतो. दुप्पट वेगानं भरलेल्या सी-६० कॅसेटवर प्रत्यक्षात जेमतेम १५ मिनिटांचं संगीत मावतं, कारण दुसरी बाजू अशी नसतेच. साध्या डेकवर मात्र तीच कॅसेट ३० अधिक ३० मिनिटं फिरते. म्हणजे चुकीच्या कामाचे पैसे चौपट मिनिटांनी. बिलावर "एक कॅसेट, ६० मिनिटं" दिसलं तर पुढचं काही ऐकायचीही गरज नाही.

थोडा हुशार फसवा माणूस एवढ्यावर थांबत नाही. दोन्ही बाजू दोन वेगळ्या फेऱ्यांत रेकॉर्ड करतो, दुसरी बाजू सॉफ्टवेअरमध्ये उलटी फिरवतो, वेग दुप्पट करतो आणि चार फाइल हातात ठेवतो. ऐकायला पहिली काही सेकंदं छान वाटतं. पण डेकचा वेग दोन फेऱ्यांत कधीच तंतोतंत सारखा राहत नाही. फक्त ०.१ टक्का फरक धरा: चार मिनिटांच्या गाण्यात शेवटी ०.२४ सेकंदाची तफावत. पाव सेकंद म्हणजे ड्रम आणि बेस एकमेकांच्या पाठोपाठ धावतात, सोबत नाही. म्हणून तपासणी नेहमी गाण्याच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटाची करायची. नमुना म्हणून ऐकवला जातो तो सुरुवातीचा तुकडा, आणि तो मुद्दाम जुळवून ठेवलेला असतो.

त्याहून निर्लज्ज प्रकार म्हणजे दोनच ट्रॅकच्या चार फाइल. एकाची आवाजाची पातळी थोडी वाढवलेली, दुसऱ्याचा ट्रेबल जरा कापलेला, नावं मात्र चार. हे पकडायला ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. संशयित दोन फाइल एकाखाली एक ठेवा, एकीला 'इन्व्हर्ट' करा (आवाजाची लाट वरची खाली), पातळी जुळवा आणि दोन्ही एकत्र वाजवा. नुसती प्रत असेल तर सगळं एकमेकांना खाऊन शांतता उरते. टोन बदलला असेल तर पूर्ण शांतता होत नाही, पण आवाज एकदम पोकळ आणि बारीक होतो. खरे वेगळे ट्रॅक असतील तर इन्व्हर्ट केल्यानं काहीच दबत नाही.

अलीकडे जुनी स्टिरिओ मिक्स (सगळे ट्रॅक एकत्र केलेलं तयार गाणं) सॉफ्टवेअरनं फोडून "मूळ चार ट्रॅक" म्हणून विकायची युक्ती आली आहे. ती ओळखायला गायनाचा ट्रॅक घ्या आणि गायक थांबतो ती जागा ऐका. खऱ्या फितीवर तिथेही काहीतरी असतं: बारीक खरखर, शेजारच्या ट्रॅकवरून झिरपलेली गिटार, हेडफोनमधून माइकमध्ये शिरलेला ठोका, श्वास, खुर्चीची कुरकुर. फोडलेल्या ट्रॅकमध्ये तिथे एकतर मुडद्यासारखी शांतता असते, नाहीतर झांजेचे पाण्याखालून आल्यासारखे बुडबुडे. गाण्याआधीची पाच सेकंदंही कापून टाकलेली असतील तर विचारा, का कापली?

नॉइज रिडक्शनबद्दल, म्हणजे फितीची खरखर कमी करणाऱ्या सोयीबद्दल, मात्र सगळा दोष लबाडीला देता येत नाही, अज्ञानही भरपूर आहे. टॅस्कॅम आणि यामाहाच्या बऱ्याच मशीनांत डीबीएक्स असायचं, फॉस्टेक्सच्या काही मशीनांत डॉल्बी. डीबीएक्स रेकॉर्ड करताना आवाजाचा चढउतार डेसिबलमध्ये निम्मा दाबतं आणि वाजवताना तेवढाच उलगडतं. उलगडलं नाही तर सगळं चपटं, कर्कश ऐकू येतं आणि प्रत्येक सुरामागे खरखर श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. ट्रेबलचं बटण खाली करून हे सुटत नाही. मग "डिजिटल रिस्टोरेशन"चे वेगळे पैसे लावून तीच खरखर खरवडली जाते, आणि तिच्याबरोबर झांजाही जातात. डीबीएक्स चालू असलेलं मशीन लावलं असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

आणखी एक ओळ बिलात दिसते: टेप बेकिंग. काही जुन्या रीळ टेपांचा बाइंडर (चुंबकीय भुकटी फितीला धरून ठेवणारा थर) ओलावा शोषून चिकट होतो, आणि त्या सुमारे ५४ अंश सेल्सिअसला काही तास मंद तापवाव्या लागतात, हे खरं. साध्या कॅसेटला सहसा हा आजार नसतो, आणि ॲसिटेट नावाच्या जुन्या प्लॅस्टिकच्या फितीला तर कधीच तापवायचं नाही. कॅसेटचं खरं दुखणं वेगळं: फितीमागची छोटी गादी गळून पडते, आवाज मंद आणि अधूनमधून गायब होतो. त्यावर उपाय म्हणजे पाच स्क्रूचं नवं कवच घेऊन फितीच्या दोन्ही चकत्या त्यात बसवणं. त्याचे पैसे मागितले तर द्यावेत, काम नाजूक आहे.

आता सीडी. ऑडिओ सीडीवर दोनच चॅनल असतात, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. चारही ट्रॅक वेगवेगळे आणि एकाच वेळी त्यावर वाजणं शक्य नाही, म्हणून "चार ट्रॅकची ऑडिओ सीडी" असं कुणी म्हणालं की सावध व्हा. मागायचं ते असं: एक ऑडिओ सीडी मिक्सची, आणि एक डेटा सीडी, जिच्यावर चार मोनो वेव्ह (न दाबलेल्या) फाइल, चारही एकाच क्षणी सुरू होणाऱ्या. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका मोनो ट्रॅकला मिनिटाला ८.६४ एमबी लागतात. चार मिनिटांच्या गाण्याच्या चार फाइल मिळून सुमारे १३८ एमबी व्हायला हव्यात, आणि ७०० एमबीच्या सीडीत असं संगीत वीसेक मिनिटांचंच मावतं. एकाच सीडीवर तासभर चार ट्रॅक दिले असतील तर ते बहुतेक एमपीथ्री आहेत. एमपीथ्रीची परत वेव्ह केली तर आकार फुगतो, पण स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या खालच्या-वरच्या कंपनसंख्या दाखवणारं चित्र) खोटं बोलत नाही: १२८ केबीपीएसचा आवाज १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीनं कापल्यासारखा थांबतो. फितीची खरखर तशी थांबत नाही, हळूहळू विरत जाते.

कॅसेट देण्याआधी फोनवरच मशीनचं मॉडेल विचारा. "सगळ्या कॅसेट होतात" हे उत्तर नव्हे. वेग कोणता, डीबीएक्स की डॉल्बी, चारही आउटपुट एकाच फेरीत चार इनपुटवर घेणार का, हे तीन प्रश्न पुरतात. ज्याच्याकडे मशीन आहे तो उलट तुम्हालाच विचारतो की पिच कंट्रोल (फितीचा वेग थोडा कमीजास्त करणारं बटण) कुठे ठेवला होता.

आठ ट्रॅकचं एडॅट (डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग) असेल तर ते एस-व्हीएचएस कॅसेटवर असतं, आणि व्हिडिओ कॅसेट समजून साध्या व्हीसीआरमध्ये टाकून "रिकामी आहे" म्हणून परत येतं. त्यावर चित्र नसतंच. एडॅट मशीनच लागतं.

कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही टॅब (मोडले की वरून रेकॉर्ड करता येत नाही असे प्लॅस्टिकचे तुकडे) देण्याआधी मोडा, एक नव्हे, कारण चारही ट्रॅक एकाच दिशेचे आहेत आणि उलट्या बाजूनं रेकॉर्ड दाबलं गेलं तर ३ आणि ४ जातात. कवचावर खूण करा, फोटो काढा, आणि पहिल्यांदा एकच, त्यातल्या त्यात कमी मोलाची कॅसेट द्या. "मूळ कॅसेट आता काय कामाची, आम्हीच विल्हेवाट लावू" असं म्हणणाऱ्याला ती मुळीच देऊ नका. काम बिघडलं तर ते दुसरीकडे पुन्हा करून घ्यायला, आणि पहिल्यानं काय केलं ते दाखवायला, तीच एक वस्तू उरते. पैसे देण्याआधी ती हातात घ्या, टॅबच्या भोकांवर चिकटपट्टी लावलेली नाही ना ते पाहा.