ॲनिमोन श्रिम्पच्या नावावर तलावातले झिंगे गळ्यात मारले, सावध रहा

समुद्री टँकवाल्यांनो हे वाचाच. ॲनिमोन श्रिम्प म्हणजे ॲनिमोन या फुलासारख्या, डंख मारणाऱ्या समुद्री प्राण्यात राहणारा छोटा झिंगा. साकोलीकडे खेड्यात रीफ टँक (कोरल-ॲनिमोनचा खाऱ्या पाण्याचा टँक) चालवणं म्हणजे आधीच डोकेदुखी, आरओचं पाणी घ्या, लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ घाला, लाईट गेली की पंपाला इन्व्हर्टर, आणि जीव मागवायचा तर ऑनलाईनशिवाय पर्याय नाही. तिथंच हे ठग विक्रेते धरतात.

व्हिडिओत एकदम ओरिजनल माल होता, काचेसारखं अंग, पाठीवर पांढरे पट्टे, पायांवर जांभळे ठिपके, ॲनिमोनच्या हातांमध्ये आरामात बसलेले. सहा नगाचे साडेचार हजार, आधी युपीआय, मग माल. नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून पिशवी आली तर झिंगे नुसते पारदर्शक, ठिपका नाही पट्टा नाही. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे प्रवासाच्या स्ट्रेसनं रंग उडतो भाऊ, ॲनिमोनवर बसले की येतो. आता स्ट्रेसमध्ये फिके पडतात हे खरंच असतं, म्हणून ही थाप पचते.

पण पिशवीतल्या पाण्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्याचा खारटपणा मोजायचं यंत्र) टाकला तर रीडिंग १.०००. म्हणजे गोडं पाणी! रीफचं पाणी १.०२५ च्या आसपास लागते. तो म्हणे आम्ही मीठ कमी करूनच पाठवतो, ड्रिप लावा, म्हणजे टँकचं पाणी थेंबथेंब त्यांच्या पाण्यात सोडा. कमी करतात काही जण, पण शून्य? शून्यावर समुद्री श्रिम्प जगतच नाही. तरी म्हणे ड्रिप लावाच, नाहीतर गॅरंटी नाही. लावली. खारं पाणी वाढत गेलं तसे एकेक आडवे पडले, अंग उकडल्यासारखं पांढरं. त्यातला एक उडी मारून ॲनिमोनवर गेला तर तिथंच चिकटला आणि ॲनिमोननं ओढून गिळला. खरा ॲनिमोन श्रिम्प आधी हळूच पाय लावून लावून सवय करून घेते, मग आत शिरते.

शेजारचे ढिवर (मासेमार) काका बघायला आले, मेलेला एक हातावर घेतला अन् म्हणे, "हे त आपल्या मामा तलावातले झिंगे होत ना बे, बाजारात वाट्यानं मिळतेत, तू काहून एवढे पैशे देल्ले?" भंडारा-गोंदियात असे मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव किती आहेत माहितीच आहे तुम्हाला, तेच झिंगे परत आमच्याच माथी मारले की काय देव जाणे.

पैसे मागितले तर त्या बदल्यात हार्ड कोरलचा (कडक प्रवाळाचा) जिवंत तुकडा पाठवतो म्हणाला. हे अजिबात घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सगळे हार्ड कोरल शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, सापडलं तर केस तुमच्यावर. नाही म्हटल्यावर ब्लॉक.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करून तक्रार टाकली. पैसे ज्या खात्यात गेले ते तिसऱ्याच कोणाच्या नावाचं निघालं. मागवायचंच असेल तर विक्रेत्याला सांगा, पिशवी भरताना त्यातलंच पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून, आजची तारीख कागदावर लिहून सलग व्हिडिओ पाठव. खरा विक्रेता कुरकुरतो पण पाठवतो.

अन् तो ठग आता दुसऱ्या नावानं आलाय, व्हिडिओ मात्र जुनाच, काळं बॅकग्राउंड आणि डाव्या कोपऱ्यात पिवळा एअर पाईप दिसतो बघा.