मेनच्या किनाऱ्यावरची क्लॅमची टपरी: स्टीमर्स उत्तम, तळलेले टाळा

अमेरिकेतल्या मेन राज्यात पोर्टलंडहून रूट १ या महामार्गाने उत्तरेला जाताना खाडीकाठी ही टपरीवजा खानावळ लागते. लाकडी बाकडी, कागदी प्लेटा, खिडकीत ऑर्डर द्यायची. पाचपैकी चार तारे.

मागवायचे ते स्टीमर्स. पातळ कवचाच्या शिंपल्या (म्हणजेच क्लॅम) वाफवून वाडगाभर आणून देतात, सोबत त्यांचंच गरम पाणी आणि वितळवलेलं लोणी. सोंडेवरची काळी साल मोजा काढावा तशी ओढून काढायची, पाण्यात खळबळून वाळू घालवायची, लोण्यात बुडवायचं आणि तोंडात टाकायचं. मांस गोड, ताजं. आमच्या वाडग्यात एकही न उघडलेली शिंपली नव्हती. तिखटाच्या नावाने मात्र शून्य. मावशीने पर्समधून मालवणी मसाल्याची पुडी काढून लोण्यात ढवळली, तेव्हा कुठे जेवण रंगलं.

त्याआधी ती हातच लावत नव्हती. "ह्यांका कॅन्सर होता म्हणतत ना रे?" असं भर रांगेत विचारलं तिने. होतो, आणि तो संसर्गजन्यही आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या मायकल मेट्झगर आणि स्टीफन गॉफ यांच्या गटाने २०१५ मध्ये न्यूयॉर्क, मेन आणि कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या याच जातीच्या शिंपल्या तपासल्या. कॅन्सरच्या पेशींची जनुकं ज्या शिंपलीत त्या सापडल्या तिच्याशी जुळेनात, एकमेकींशी मात्र जुळली. म्हणजे कधीकाळी एकीला झालेला कॅन्सर ती मेल्यावरही जिवंत आहे आणि समुद्रातून दुसरीत, तिसरीत शिरतोय. शिंपली सतत पाणी गाळत असते, त्यातूनच या पेशी आत जात असाव्यात. आजारी शिंपलीचं एरवी नितळ असणारं रक्त दुधट होतं. स्पेनमध्ये तर एका जातीच्या शिंपल्यांत शेजारच्या भलत्याच जातीचा कॅन्सर निघाला!

माणसाला तो लागल्याचं एकही उदाहरण नाही, हे मी मावशीला सांगितलं. तिचा विश्वास बसला तो खिडकीतल्या बाईंवर. त्यांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. आतून पोत्याचा टॅग आणून दाखवला: शिंपल्या कुठल्या खाडीतल्या, कधी काढल्या, सगळं त्यावर. हे टॅग नव्वद दिवस जपून ठेवावे लागतात. त्या म्हणाल्या, कॅन्सरचं सोडा, घाबरायचं तर रेड टाइडला, म्हणजे समुद्रात माजणाऱ्या विषारी शेवाळाला घाबरा. शिंपल्यांत उतरलेलं ते विष शिजवूनही जात नाही, म्हणून तेव्हा सरकार किनारेच बंद करतं. इतकं सरळ उत्तर मला बॉस्टनच्या महागड्या सीफूड रेस्टॉरंटांतही मिळालेलं नाही. त्या टॅगसाठी मी पाचवा ताराही दिला असता.

तो कापला तळलेल्या क्लॅम्सनी. पिठाचा थर जाड, तेल जुनं, आत शिंपली शोधावी लागते. वर लिंबाच्या फोडीचे वेगळे पैसे! भाव रोज बदलतो, फळ्यावर बघूनच ऑर्डर द्या. शनिवारी पार्किंग मिळत नाही, अकराच्या आत पोचा.