अंगणातली भिंत: काँक्रीट ब्लॉक की काळा दगड?

सोलापुरात अंगणातली माती अडवायची भिंत घालताना खरी डोकेदुखी काळ्या मातीची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि भिंतीला सतत ढकलत राहते. त्यामुळे ब्लॉक घ्या की दगड, पाया मुरूम लागेपर्यंत खणा.

पोकळ काँक्रीट ब्लॉकचं काम झटपट होतं, भिंत सरळ येते, जागाही कमी जाते. पण पोकळीत सळई आणि काँक्रीट हवंच; नुसत्या सिमेंटच्या सांध्यांवर माती पेलत नाही. मागे फूटभर खडी आणि तळाशी पाणी निघायला पाईप, एवढं समोर उभं राहून करून घ्या. सप्टेंबरच्या पावसात मागे पाणी तुंबलं की भिंतीला पोट आलंच म्हणून समजा.

काळा दगड कोरडा रचला तर पाणी फटींतून निघून जातं, आणि जमीन थोडी हलली तरी भिंत तडकत नाही. मात्र तळाची रुंदी उंचीच्या निम्मी तरी लागते, कल मातीकडे हवा, आणि सांध्यावर सांधा येऊ न देणारा गवंडी हवा. असा गवंडी शोधणं हेच मोठं काम.

उंची तीन फुटांच्या आत आणि जागा मोकळी असेल तर मी दगडच सांगेन. चार फुटांवर जायचं असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा.