बीपीएमएन २.० : कुठे चालतं, कुठे अडतं

मंजुरी, ऑर्डर, तक्रार अशी ठरलेल्या क्रमाने पुढे सरकणारी कामं मांडायला ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं बीपीएमएन २.० (कामाचा प्रवाह आकृतीत दाखवायची चिन्हपद्धती, म्हणजे नोटेशन) खरोखर उत्तम आहे. सगळी चिन्हं शिकायची गरजही नाही. घोळ होतो तो गेटवेवर, म्हणजे वाटा फुटतात किंवा जुळतात त्या चिन्हावर. ‘×’ने (अनेकांतली एकच वाट निवडणारा गेटवे) फाटे फोडून ‘+’ने (सगळ्या वाटा एकत्र चालवणारा गेटवे) जोडले, की प्रक्रिया तिथेच अडकते, ‘+’ सगळ्या फांद्या येईपर्यंत थांबतं आणि आलेली असते एकच. उलट केलं तर पुढचं काम दोनदा सुरू होतं. दोन पूलांमध्ये (पूल म्हणजे एकेका सहभागी संस्थेची किंवा पक्षाची चौकट) कामांचा क्रम दाखवणारा सीक्वेन्स फ्लो चालत नाही, तिथे निरोपांची देवाणघेवाण दाखवणारा, तुटक रेषेचा मेसेज फ्लोच हवा. व्यवसायाचे नियम मात्र यात कोंबू नका. सहा अटींसाठी गेटवेंची साखळी कुणालाच धड वाचता येत नाही. त्यापेक्षा डीएमएनचा (निर्णयाचे नियम मांडायची ओएमजीचीच वेगळी पद्धत) निर्णय-तक्ता घ्या. आणि कामाचा क्रमच आधी ठरत नसेल, तर हे नोटेशन तोकडं पडतं.